बंदुकीवर कुत्रा आहे, आमचा पणजा नाही

उदगीरकडच्या एका वाड्यात भिंतीला टांगलेली जुनी दुनळी बंदूक बघितली. बारा बोरची, विलायती. घोड्यांच्या बाजूच्या पोलादी पट्टीवर बारीक कोरकाम. वेलबुट्टी, उडणारा फेझंट, तोंडात पक्षी धरलेला कुत्रा. पीस न् पीस मोजून घ्यावं असं. मालक म्हणाले, "काय कला आहे!"

कला आहेच. छिन्नीनं पोलादावर पिसं उठवणारा कामगारच होता. पट्टीवर नाव मात्र कंपनीचं. मी धक्क्यावर दुसऱ्याच्या नावाच्या पेट्या उचलतो, मला ते लगेच कळलं.

पण फेझंट काय मराठवाड्यातला नाही. इथं तितर, लावे. साहेबाच्या देशातला पक्षी बोटीतून आला, कुत्राही आला. आणि वेठीला धरलेला, डबडी वाजवत रान उठवणारा, वाघाच्या पुढं उभा राहणारा माझा पणजा? तो कुठाय? कुत्र्याला पोलादावर जागा मिळाली, माणसाला नाही.

निजामाच्या मुलखात वरंगळकडं कर्झननं १९०२ साली वाघ मारला, त्याचा फोटो दीनदयाळांनी काढला. मेलेल्या वाघाचीसुद्धा नोंद आहे, बघा.

१९७२ च्या कायद्यानं रानातल्या शिकारीला चाप बसला. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि हाका आमच्या वस्त्यांवर सुरू झाला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जाळलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, आग तिकडंही गेली. रान उठवणारेच शिकार झाले.

मित्रांनो, हा म्युझियमचा प्रश्न नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ वाचा. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं गरज वाटली तर दलित-आदिवासी सोडून इतरांचे हत्यारांचे परवाने रद्द करा, हत्यारं सरकारात जमा करा, गरज पडली तर आमच्या माणसांना परवाने द्या. असं सरकारनंच लिहून ठेवलंय.

मग नांदेड आणि लातूरच्या कलेक्टर कचेरीत या नियमाखाली आजवर किती परवाने रद्द झाले? आमच्या किती माणसांना मिळाले? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट लागतं, चहा-वडापावपेक्षा स्वस्त.

मला बंदूक नकोय. आकडा पाहिजे. वाड्यातलं कोरकाम बघून झालं, आता परवाना दाखवा.

जय भीम!