विश्लेषण : धावत्या कारला आग का लागते? बॉनेट उघडा आणि बॅटरीपासून निघालेली जादा वायर शोधा

उन्हाळा आला की रस्त्यात पेटलेल्या कारचे व्हिडिओ फिरू लागतात. खाली कमेंट ठरलेली, 'कंपनीच बोगस!' कधी तसं असतंही. पण व्हिडिओत न दिसणारा एक संशयित असतो, बाहेरून टाकलेली वायर.

आठवा टाटा नॅनो. 2010 मध्ये काही नॅनो पेटल्या. तपासानंतर कंपनीने कारणं सांगितली : बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिक उपकरणं किंवा एक्झॉस्टवर राहिलेली वस्तू. मात्र त्याच वर्षी एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारीही कंपनीने दाखवली. त्यामुळे कुणाला कोणता निष्कर्ष काढायचा तो काढता आला.

12 व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. खरा खेळ करंटचा आहे. हेडलाइटचा 60 वॉटचा बल्ब 5 अँपिअर घेतो. 'जरा जास्त उजेड' म्हणून 100 वॉटचा लावला की 8 च्या वर. वायर तीच, पण तिच्यातली उष्णता जवळपास पावणेतीन पट. म्हणून अशा दिव्यांना रिले आणि बॅटरीपासून वेगळी, जाड वायर लागते.

फ्यूजही लागतो, पण कुठे? अनेकदा तो दिव्याजवळ बसवला जातो. तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर कुठे सोलली आणि बॉडीला टेकली, तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर ढकलू शकते आणि मध्ये अडवणारं कुणी नसतं. फ्यूज हवा बॅटरीला अगदी लागून.

मग वायरची वाट. घरगुती पीव्हीसी वायर साधारण 70 अंशांसाठी असते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही शे अंशांवर जातो. इंधनाचा पाइप, पंखा आणि बेल्टपासूनही वायर लांब हवी. केबिनमध्ये शिरताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर धार रोज थोडी थोडी वायर कापते. इंजिन हलतं, म्हणून तिथे थोडी ढील ठेवायची. आणि जोडावर नुसती चिकटपट्टी? ती उष्णतेने सुटते.

कायद्याचं म्हणाल, तर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा दिवे बसवताना बिल मागा. त्यावर वायरची जाडी आणि फ्यूजचा आकडा लिहून घ्या.