डोक्यातला हिशेब आणि फळ्यावरचे गणित

‘प्रत्येक मूल आपापल्या पद्धतीने शिकते’ हे वाक्य शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांतून आज इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. या वाक्यात एक सत्य आहे, आणि त्या सत्याच्या आडोशाने एक भ्रमही वाढला आहे. गणिताच्या अध्यापनात या दोहोंची गल्लत झाली, म्हणजे तिची किंमत ऊसतोड कामगाराच्या, विडी वळणारीच्या आणि वीटभट्टीवर राबणाऱ्याच्या मुलाला मोजावी लागते. म्हणूनच हा प्रश्न केवळ शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून चळवळीला मोकळे होता येणार नाही.

भ्रम असा, की मुलांचे जन्मजात प्रकार असतात. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही हाताने करून. शिक्षकाने एखादी प्रश्नावली भरून घ्यावी, मुलाचा प्रकार ठरवावा आणि त्याला त्याच प्रकाराने शिकवावे. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या ग्रंथात बहुविध बुद्धिमत्तांची कल्पना मांडली. पुढे शिक्षणाच्या बाजारपेठेने तिची या ‘शिकण्याच्या शैलीं’शी सांगड घातली, जरी आपली कल्पना आणि ह्या शैली एक नव्हेत, असे स्वतः गार्डनर यांनी बजावले आहे. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाची छाननी केली. मुलाच्या शैलीशी अध्यापन जुळवले असता ते अधिक शिकते, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. जे थोडे प्रयोग काटेकोरपणे झाले होते, त्यांतील काहींचे निकाल तर या समजुतीच्या विरुद्धच जात होते.

साध्या विचारानेही हे पटण्यासारखे आहे. पाव म्हणजे काय, हे समजण्यासाठी भाकरीचे चार चतकोर हाताने करावे लागतात, ते वहीत काढून पाहावे लागतात, ‘चारांतला एक भाग’ असे तोंडाने म्हणावे लागते आणि शेवटी चारावर एक मांडून लिहावे लागते. हा सर्व प्रवास प्रत्येक मुलाला करावयाचा आहे. एकाने केवळ भाकरी मोडावी, दुसऱ्याने केवळ चित्र पाहावे आणि चिन्हांचे गणित तिसऱ्यासाठी राखून ठेवावे, ही वाटणी शास्त्राला धरून नाही. न्यायालाही धरून नाही. ‘हा हाताने शिकणारा’ असा शिक्का ज्या मुलांवर पडेल ती कोणत्या वस्तीतील असतील, हे या महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. कोणी हाताने राबावे आणि कोणी डोक्याने चालावे, याची वाटणी जातिव्यवस्थेने शतकानुशतके केलीच आहे. मानसशास्त्राची भाषा वापरून तिला नवे प्रमाणपत्र देण्याचे कारण नाही.

मग सत्य कोणते? मुले शाळेच्या उंबरठ्यावर येतात ती सारखी नसतात, हे सत्य आहे. परंतु त्यांच्यातील भेद मुख्यतः त्यांनी बरोबर आणलेल्या शिदोरीत असतो. संख्येची भाषा वेगळी असते, हिशेबाची सवय वेगळी असते, मागील इयत्तांतून पदरी पडलेले ज्ञान कमी-अधिक असते.

भाषेपासून प्रारंभ करू जाता मराठी संख्यानामांची अडचण पुढे येते. ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि तीस मागाहून; लिहिताना मात्र तिनाचा अंक आधी येतो. ऐकल्याबरहुकूम लिहिणारे मूल ७३ लिहिते आणि चुकते. ‘एकोणसाठ’ म्हणावयाचे तर साठ आधी ठाऊक हवेत, कारण एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणे. सोलापुरातील तेलुगूभाषक विणकराच्या किंवा सीमेवरील कन्नडभाषक शेतमजुराच्या मुलाला घरी जी संख्यानामे ऐकू येतात, त्यांत दशक आधी आणि एकक नंतर, म्हणजे लिहिण्याच्याच क्रमाने येतो. त्या मुलाला मराठी शाळेत हा क्रम उलटा करावा लागतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या रूढ नावाबरोबर ‘वीस एक’ अशी मांडणी दिली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारणे शांतपणे सांगितली. परंतु चर्चा मुलांच्या अडचणीची न होता मराठीच्या अस्मितेची झाली, आणि विधानसभेतही त्या मांडणीची खिल्ली उडवण्यात आली. तो उपाय योग्य होता की नाही, याविषयी मतभेद असू शकतात. मात्र पहिल्या पिढीत शाळेत आलेले मूल ३७ आणि ७३ यांत का अडखळते, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात कोणीही विचारला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हिशेबाच्या सवयीचे उदाहरण ब्राझीलमधील आहे. तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी १९८५ साली रेसिफे शहरातील रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारात गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांची सुमारे ९८ टक्के उत्तरे या मुलांनी बरोबर दिली. त्याच संख्यांची उदाहरणे नंतर कागदावर निव्वळ आकडेमोड म्हणून दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. एका नारळाची किंमत ३५ असताना दहा नारळांचे किती, हा हिशेब बारा वर्षांच्या विक्रेत्या मुलाने तीन नारळांचे १०५ धरून, त्यात १०५ मिळवत मिळवत आणि शेवटी एका नारळाचे ३५ घालून बिनचूक केला. दहाने गुणताना पुढे शून्य लिहावे, ही शाळेची युक्ती त्याने वापरली नाही.

असेच काही भारतातही आढळले आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. बाजारातील गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडत होती. उलट, बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले कागदावरची आकडेमोड करीत, पण बाजारातील हिशेबात अडखळत. ज्ञान दोन्हीकडे होते. त्यांच्यामध्ये पूल नव्हता, आणि तो बांधणे हेच शाळेचे काम आहे.

हा पूल कसा बांधावा, हे एका साध्या वजाबाकीत दिसते. २८५ रुपयांच्या मालासाठी ५०० रुपयांची नोट आली, तर भाजीवालीची मुलगी वजाबाकी करीतच नाही. ती १५ देऊन ३०० करते, वर २०० देते आणि २१५ रुपये चुकते करते. शाळेत तिला ५०० खाली २८५ लिहावे लागतात, शून्यातून पाच जात नाहीत म्हणून शेजाऱ्याकडे हात पसरावा लागतो, तो शेजारीही शून्य निघतो, आणि तेथे तिची गाडी रुतते. शिक्षकाने तिचीच रीत फळ्यावर मांडली, एका रेषेवर २८५, ३०० आणि ५०० हे थांबे दाखवले आणि ‘फरक म्हणजे अंतर’ हे वर्गापुढे उघड केले, तर तिचे ज्ञान सर्व वर्गाचे होते. मग शतक मोडून दशक आणि दशक मोडून एकक करणे म्हणजे नोट सुटी करणे, हे तिलाही कळते. जुन्या शाळेतील पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांमागे अशीच व्यवहाराची गरज होती. घोकंपट्टीने त्यांचा अर्थ हरवला, ही गोष्ट वेगळी. अडीच किलोचा भाव काढताना दोन किलोचे आणि अर्ध्या किलोचे वेगवेगळे काढून मिळवणारे मूल पुढे बीजगणितात भेटणारा कंसाचा नियमच वापरत असते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांचा तोंडी हिशेब चांगला, म्हणून त्यांना तेवढ्यावरच ठेवावे, अशी एक भाबडी भूमिका पुरोगामी वर्तुळातही डोकावते. ती घातक आहे. बाजाराचे गणित ओळखीच्या संख्यांपुरते आणि ओळखीच्या व्यवहारांपुरते चालते. त्यापुढे चिन्हांची भाषा लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या मुलीला उचल किती घेतली, टनाला दर किती आणि मुकादमाचा वाटा किती, हे ऐकून ठाऊक असते. हंगाम संपताना उचल का फिटली नाही, हे मात्र टक्केवारी लिहून मांडल्याशिवाय सिद्ध करता येत नाही.

कर्जाचेही तसेच आहे. दहा हजार रुपये वर्षभरासाठी सपाट १२ टक्क्यांनी दिले आणि बारा समान हप्त्यांत ११,२०० रुपये वसूल केले, तर तो दर ऐकायला १२ टक्के वाटतो. परंतु मुद्दल दर महिन्याला फिटत जाते आणि व्याज मात्र मूळ रकमेवरच आकारलेले असते. घटत्या बाकीवर हिशेब केला, तर हाच दर सुमारे २१ टक्क्यांच्या वर जातो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या खतांतील आकडे ज्यांच्या नावावर होते, त्यांतील बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाची मागणी आवर्जून केली होती. गणित हे बहुजनांच्या हातातील संरक्षणाचे साधन आहे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

प्रत्यक्षात शाळा काय देत आहे? ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या केवळ ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. बाकीची मुले मंद आहेत, असा याचा अर्थ नव्हे. वर्ग पुस्तकाच्या पानामागे धावत राहिला आणि मूल तिसऱ्या पानावर राहून गेले, एवढाच त्याचा अर्थ. मुलांचे गट त्यांच्या कल्पित शैलीनुसार करण्यापेक्षा, ती आज कोणत्या पायरीवर आहेत हे पाहून दिवसातील काही वेळापुरते करावेत आणि मूल पुढे सरकताच गट बदलावा, ही पद्धत देशात अनेक ठिकाणी उपयोगी ठरली आहे. तिला काड्यांचे गठ्ठे, खेळातल्या नोटा आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेणारा शिक्षक एवढेच लागते. मात्र तो शिक्षक वर्गात हवा. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळावयाच्या आणि त्यातच मतदारयाद्यांची व जनगणनेची कामे उरकावयाची, अशी व्यवस्था असताना मुलामुलांतील भेद जाणून शिकवण्याचा उपदेश करणे ही शुद्ध वंचना आहे.

काही मुलांना संख्यांचे आकलन होण्यातच खरी अडचण असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा गणन-अक्षमतेची दखल घेतली आहे. परंतु तपासणी आणि प्रमाणपत्र यांचा लाभ घेण्यास माहिती, सवड आणि प्रवासखर्च लागतो. शहरातील सुस्थित घरच्या मुलाला सवलत मिळते. पाड्यावरच्या मुलाला तीच अडचण असेल तर ते नुसते ‘ढ’ ठरते. आणि शिकवलेच न गेल्यामुळे मागे पडलेल्या मुलाचीही त्याच शब्दात बोळवण होते.

या पार्श्वभूमीवर २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यातील एक सूचना विचारात घेण्यासारखी आहे. दहावीला गणित व विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळवणाऱ्यास पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याला त्या विषयांचे पुढील शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, असे तीत सुचवले आहे. गणितात नापास झाल्यामुळे मुलांचे शिक्षणच तुटते, ही त्यामागील कळकळ खरी आहे, आणि तो अडसर दूर झालाच पाहिजे. परंतु दहा वर्षे ज्यांना नीट शिकवले गेले नाही, त्यांच्या माथी अखेरीस शेरा मारणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. वाटा अनेक असाव्यात; मुक्काम मात्र सर्वांचा एकच असावा. कोणत्याही मुलाला गणिताच्या दारातून कायमचे परत पाठवण्याचा अधिकार वयाच्या सोळाव्या वर्षी कोणास नसावा.

शिक्षण हक्क कायद्यानुसार गावोगावी शाळा व्यवस्थापन समित्या आहेत आणि त्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. कार्यकर्त्यांनी या समित्यांत जाऊन बसावे. तिसरीतील किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी दिवसातील कोणता तास राखला आहे, हंगामावर गेलेली मुले परतल्यावर त्यांना कोणत्या पायरीपासून शिकवले जाते, आणि शिक्षक महिन्यातील किती दिवस वर्गाबाहेरच्या कामावर असतात, हे चार प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. शिक्षकांच्या संघटनांनाही या प्रश्नांत सोबत घ्यावे, कारण चौथ्या प्रश्नाचे उत्तर मागताना कार्यकर्ते शिक्षकांच्याच बाजूने उभे राहतात. गावातील एकेका शाळेत ही उत्तरे नियमितपणे मागितली जाऊ लागली, तर तालुक्याला आणि जिल्ह्याला ती द्यावीच लागतील.