साखळी कोण सोडणार?

काही जणांना राग येईल. येऊ द्या.

मी कशेळ्यात राहतो. इथून मुरबाडकडे निघा नाहीतर खांडसकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाऊस. शनिवारी गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी जातात. मागे राहतो तो गेटजवळ बांधलेला कुत्रा. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, एखादा हस्की सुद्धा. गळ्यात साखळी, डोक्यावर पत्रा.

मध्यंतरी अशाच एका बंगल्याची संरक्षक भिंत रात्रीच्या पावसात खचायला लागली. भिंतीखालीच कुत्रा. राखणदार गावी गेलेला. ओरडणं ऐकून आम्ही तिघं-चौघं गेट चढून गेलो, तर गळ्यातल्या साखळीला कुलूप! किल्ली मालकाकडे, मुंबईत. फोन लावला. साहेब म्हणाले, "सकाळी बघू." हॅक्सॉ ब्लेड शोधून साखळी कापेपर्यंत पाऊण तास गेला. कुत्रा वाचला, कारण भिंत हळूहळू येत होती. भूकंपात पाऊण तास कोण देणार?

"कर्जतला कुठला भूकंप?" असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघा. 11 डिसेंबर 1967 ला कोयना हादरली तेव्हा मुंबईपर्यंत धक्का बसला होता. किल्लारीचा भाग तर नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. डहाणू-तलासरीला नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका लागली, लोक रात्र रात्र घराबाहेर झोपले. आणि आपल्या शेजारचं खालापूर? 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. तो भूकंप नव्हता, दरड होती. पण सावरायला वेळ दोन्हींत सारखाच मिळतो, म्हणजे मिळतच नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरचं लाडकं ज्ञान: "कुत्र्याला भूकंप आधीच कळतो." भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगवान आणि हलक्या असतात, मोडतोड करणाऱ्या लहरी मागून येतात. पहिली थरथर कुत्र्याला जाणवत असेल, तो काही सेकंद आधी बिथरत असेल. त्यावरून भूकंपाचं भाकीत करता येतं असं कुठल्याही शास्त्रज्ञाने सिद्ध केलेलं नाही. आणि समजा, कळलं त्याला. बांधलेल्या कुत्र्याने त्या ज्ञानाचं करायचं काय?

सरकारचा हिशोबही बघा. आपत्तीत जनावर दगावलं तर 2022 नंतरच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, शेळीला 4,000, कोंबडीला 100. कुत्रा यादीतच नाही. मला भरपाई नको आहे. पण ज्याची नोंद नाही, त्याची सुटकाही कुणाच्या आराखड्यात नसते. दुसरीकडे, फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानच्या ढिगाऱ्यात सहा वर्षांची जिवंत मुलगी हुंगून काढली ती आपल्या एनडीआरएफच्या ज्युली आणि रोमिओ या कुत्र्यांनी. तेव्हा टाळ्या वाजवल्या ना आपण?

कायदा आहे. 1960 चा. कुत्र्याला कायम बांधून ठेवून फिरवायचं नाही, हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये! कशेळ्याच्या नाक्यावर दोन वडापाव येतात तेवढ्यात.

"आधी माणसांचं बघा" ही कॉमेंट येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देतो. हे माणसांचंच आहे. जनावर मागे राहिलं की माणूस घर सोडत नाही, किंवा सोडलेल्या घरात परत शिरतो. कतरिना वादळात नेमकं हेच झालं, म्हणून अमेरिकेने 2006 मध्ये कायदा करून पाळीव जनावरांना सुटकेच्या आराखड्यात घेतलं. जपानमध्ये 2011 च्या भूकंपानंतर सरकारने सांगितलं, घर सोडताना कुत्रं-मांजर बरोबर घेऊनच निघा. आपल्याकडे निवाऱ्याच्या शाळेच्या दारात पहिला प्रश्न येतो, "हे कशाला आणलंत?"

मग करायचं काय?

साखळीचं कुलूप आजच काढा. एका हाताने, अंधारात सुटेल असा हूक लावा. त्याची जागा भिंतीखाली, पाण्याच्या टाकीखाली, जुन्या झाडाखाली नको. कुंपणाचं दार बंद करून आत मोकळा ठेवता येत असेल तर उत्तमच. गेटची एक किल्ली शेजारच्या गाववाल्याकडे द्या. आमच्यावर विश्वास नसेल तर कुत्राही आमच्या भरवशावर सोडून जाऊ नका. पट्ट्यावर फोन नंबर, मोबाईलमध्ये फोटो, रेबीजच्या लशीचं कार्ड आणि चार दिवसांचं खाणं एका पिशवीत.

धक्का बसत असताना कुत्र्याच्या मागे धावू नका. आधी स्वतः भक्कम टेबलाखाली जा, तो मोकळा असेल तर आपली जागा शोधतो. थांबलं की दोरी लावून बाहेर मोकळ्यावर न्या, नाहीतर पुढच्या धक्क्याला घाबरून पळेल. घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो, जपून. पंजात काच घुसली आहे का बघा.

आणि ग्रामपंचायतीला, तहसील कार्यालयाला एकच मागणी: पावसाळ्याआधीच्या आपत्तीच्या बैठकीत बंद फार्महाऊसमधल्या बांधलेल्या जनावरांची यादी करा. मालकाचा आणि राखणदाराचा नंबर लिहून घ्या. एक वही लागेल, निधी नको.

आमच्या ठाकरवाड्यांतली कुत्री दिवसभर मोकळी असतात. त्यांना जातिवंत म्हणून कुणी मिरवत नाही. पण जमीन हलली तर पळायची मुभा त्यांना आहे. साठ हजारांच्या तुमच्या कुत्र्याला ती नाही.

या रविवारी निघताना गेट लावण्याआधी एकदा मागे वळून बघा, आणि स्वतःलाच विचारा: रात्री दोनला साखळी कोण सोडणार?