गंजावर रंगरंगोटी

गंजावर रंग फासणाऱ्यांवर फौजदारी खटले भरले पाहिजेत! वडिलांच्या १९८८ सालच्या स्कूटरला पेंटरने दसऱ्याला रंग मारला. "साहेब, गंज आत दबतो," म्हणाला. बुडीत कर्जाबद्दल आम्ही बँकवालेही असंच म्हणतो! अहो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो दबत नाही, फुगतो. पावसाळ्यात रंगाला फोड आले नि एके दिवशी पायाखालचा पत्रा फुटून माझा बूट थेट रस्त्याला टेकला!

भोकाला ठिगळ जोडून आणलं नि मीच बसलो. तारेच्या ब्रशने गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, थिनरने पुसला, लगोलग रेड ऑक्साइड मारला, रंग त्यानंतर. वडील हेच करायचे. मी त्यांना चेंगट म्हणायचो. शब्द मागे घेतो!