आगकाड्यांना कोण विचारतो?

नाशिकमध्ये दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले की आपले हात आपोआप जोडले जातात. त्र्यंबकेश्वरचा सुपुत्र, भारतीय चित्रपटाचे जनक वगैरे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक बांधले की आपले ऋण फिटते. पण १९१५ साली याच माणसाने ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लघुपट केला होता, हे मराठीच्या किती प्राध्यापकांना ठाऊक आहे? ज्यांना आहे, तेही त्याचा उल्लेख ‘इतर किरकोळ’ या सदरात उरकतात.

किरकोळ म्हणजे काय? काडी थोडी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. मूकपटाच्या काळातला वेग सेकंदाला सोळा चौकटींच्या आसपास धरला, तर मिनिटभराच्या हालचालीला जवळजवळ हजार वेळा हात लावावा लागतो. त्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी असेच एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली होती, आणि ती पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाणा आहे! आपण मात्र इतिहास देवादिकांपासून सुरू करतो.

कोणी म्हणेल, ही कल्पना फ्रान्सच्या एमिल कोलची. त्याने १९०८ मध्येच काड्या नाचवल्या होत्या. असेल. कोलच्याही आधी, १९०० साली, अमेरिकेत ब्लॅकटनने कागदावर काढलेली बाटली कागदातून उचलून हातात घेतली होती. जिवंत माणूस आणि रेखाटन एकाच चौकटीत आणणारा हा ब्लॅकटन रंगमंचावर झरझर चित्रे काढून दाखवणारा कलावंत. आणि आपले फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करणारे. सिनेमा हा दोघांच्याही लेखी आधी चमत्कार होता, कथा नंतर. ‘लंकादहन’मधला (१९१७) उडणारा मारुती आणि सरपटणारी आगकाडी ही एकाच कारागिराची अपत्ये. एकाला आपण भक्ती म्हणतो, दुसरीला पोरखेळ.

दोष आमच्याही शिक्षणाचा आहे. मराठी घेऊन एम. ए. झालेला माणूस चित्रपटात कथानक शोधतो, ते नसले की त्याची लेखणी थबकते. मग भारतीय ॲनिमेशनची सुरुवात १९५६ साली, डिस्नेकडचे क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले तेव्हापासून, असे खुशाल सांगितले जाते. फाळके स्वतः इतके सोवळे नव्हते. ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी मुलगी मंदाकिनी नुसतेच चेहऱ्याचे भाव करून दाखवते, बाळकृष्ण त्यानंतर येतो. युक्ती आधी उघड करून मग भक्तीला बोलावण्याचे हे धैर्य!

प्रतच उरली नाही, तर समीक्षा कशाची करायची, असा आक्षेप येईल. ‘राजा हरिश्चंद्र’ तरी कुठे पुरा उरला आहे? त्याच्यावर लिहायला मात्र आजवर कोणाचे अडलेले दिसत नाही.