नवं यंत्र, जुना खड्डा

लग्न-मुंजीनंतर मंगल कार्य म्हणून आपल्याकडे नंबर लागतो तो सरकारी यंत्रखरेदीचा. निविदा निघते, देण्याघेण्याची बोलणी होतात, यंत्र दारात आलं की त्याला हार घालतात, चाकाशी नारळ फोडतात आणि फोटो काढतात. पुढे ते यंत्र नांदतं की नाही, हे बघायला वऱ्हाडातलं कोणी थांबत नाही.

यंत्रांवर माझा राग नाही. पण यंत्र आलं म्हणजे रस्ता झाला, ही समजूत मात्र काही केल्या गळी उतरत नाही. मुंबईकरांनी 2017 साली खड्डे बुजवायला ऑस्ट्रिया आणि इस्रायलहून खास माल आणवला होता. भर पावसातही चालणारा! परदेशी जावयासारखं त्याचं कौतुक झालं. खड्डे काही सासर सोडून गेले नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अकरा गावं पुणे महापालिकेत आली, त्यांतच आमची धायरी. पालिकेचा डांबरी माल शिजवायचा कारखाना येरवड्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माल निघताना दीडशे अंशांच्या घरात असतो आणि तो गरम आहे तोवरच त्यावर रोलर फिरायला हवा. आता तिथून निघालेला ट्रक सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून धायरी फाट्याला पोचायचा कधी? गार भजी जेवढी कुरकुरीत, तेवढाच गार मालाने बुजवलेला खड्डा टिकाऊ!

तसं हे काम स्वयंपाकासारखंच आहे. खड्डा चौकोनी कापायचा, आतली माती आणि पाणी काढायचं, पातळ डांबराचा एक हात द्यायचा, मग माल घालून नीट दाबायचा. आपलं घोडं अडतं ते झाडू मारण्यापाशी. ओल्या खड्ड्यात गरम माल ओतला, की चार दिवसांत खडी रस्त्यावर मोकळी. त्या खडीवरून स्कूटर घसरते आणि मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई मुलासकट रस्त्यावर पडते. तिथे विनोद संपतो.

कोणी म्हणेल, पाऊसच तसा आहे हो! मग जंगली महाराज रस्त्यावर काय गुलाबपाणी शिंपडतात? 1970 च्या दशकात मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने तो बांधला आणि दहा वर्षांची हमी दिली. हमीची मुदत संपून कित्येक वर्षं झाली, तरी चांगल्या रस्त्याचा विषय निघाला की पुणेकर अजून त्याच रस्त्याचं नाव घेतो. तिथे यंत्राबरोबर शब्दही दिलेला होता.

तेव्हा साहेब, यंत्रं जरूर घ्या. पण धायरीला आधी एक मुकादम द्या, सहा बिगारी द्या, माल गरम ठेवणारी पेटी आणि एक छोटा रोलर द्या. पावसाचं पाणी वाहून जायला गटार द्या. दुरुस्त केलेल्या रस्त्यावर जबाबदार इंजिनिअरचं नाव आणि हमीची तारीख लिहून पाटी लावा. नगरसेवकांच्या नावाच्या पाट्यांना जागा मिळते, मग हिलाही मिळेल.

आणि नारळ फोडायचाच असेल, तर हमी संपेल त्या दिवशी फोडू. रस्ता तोवर शाबूत असला, तर हार आम्ही आणू.