जनरेटर केवढा घ्यावा, आणि तो आम्हीच का घ्यावा?



कापूस बोंडावर आला, ज्वारी पोटरीत आली आणि पावसाने ओढ दिली, की विहिरीत चार परस पाणी असूनही पीक डोळ्यांदेखत वाळते. डीपी जळालेला असतो, नाहीतर लाइट रात्री दोनला येऊन तीनला गेलेली असते. मग माणूस कर्ज काढून जनरेटर घ्यायला बाजारात जातो. केवढा घ्यावा हे तो दुकानदाराला विचारतो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले: ‘मोठाच घ्या, पुढे कामाला येईल.’ हे उत्तर ज्याला माल विकायचा आहे त्याचे आहे. ज्याला डिझेल भरायचे आहे त्याने आपला हिशेब आपणच करायला हवा.

तो हिशेब शिकायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भंडारदरा आहे. १९२६ साली पुऱ्या झालेल्या तिथल्या विल्सन धरणात प्रवरेचे पाणी अडते. ते पाणी खाली सोडताना वीज तयार होते; धरणाखालचे दुसरे वीजगृह एकटेच ३४ मेगावॅटचे आहे. धरणाच्या वर, प्रवरेच्या उगमाकडे, घाटघर. तिथे २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प चालतो. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शेवगाव-पाथर्डीचा कापूसवाला आणि कर्जत-जामखेडचा ज्वारीवाला हातात डिझेलचा कॅन घेऊन पंपावर उभा आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सरकारने आपला हिशेब कसा केला?

घाटघर म्हणजे सरकारने अडीअडचणीसाठी ठेवलेला जनरेटरच आहे. राज्याला संध्याकाळी वीज कमी पडते आणि रात्री उरते. म्हणून उरलेल्या विजेवर कोकणच्या बाजूच्या खालच्या तलावातले पाणी उपसून सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तलावात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी वीज लागते त्याहून कमी परत मिळते. ढोबळ मानाने चौथा हिस्सा वाटेत जातो. तरीही ते परवडते, कारण नडीच्या वेळची वीज महाग असते. हे बांधणाऱ्यांनी आधी तीन प्रश्न विचारले: कमी किती पडते, किती तास पडते आणि कोणत्या वेळी पडते? आकार त्यानंतर ठरला.

आम्ही म्हणतो, हेच तीन प्रश्न आपल्या बांधावर विचारा.

पहिला हिशेब: जनरेटर लागतो का?

विहीर उघडी असेल आणि पाणी पंपापासून सहा-सात मीटरच्या आत असेल, तर जनरेटर घेऊच नका. डिझेल इंजिनाचा पंप बसवा. इंजिनाने वीज करायची आणि विजेने मोटर फिरवायची, या दोन उड्यांत डिझेल वाया जाते. जनरेटर लागतो तो बोअरमधल्या नाहीतर खोल विहिरीतल्या पाणबुडी मोटरला, कारण तिथे इंजिन पोचत नाही.

दुसरा हिशेब: केवढा?

मोटर पाच एचपीची धरा. चालू असताना ती साधारण साडेचार किलोवॅट, म्हणजे पावणेसहा केव्हीएच्या आसपास ओढते. त्यावरून साडेसात केव्हीएचा जनरेटर पुरेल असे वाटते. पण मोटर उठताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट घेते. बैलगाडी चालत असते तेव्हा बैलाला फारसे ओढावे लागत नाही. चिखलात रुतलेली गाडी हलवतानाच त्याचा कस लागतो. जनरेटरचा कस असाच मोटर उठताना लागतो. साध्या डायरेक्ट स्टार्टरवर पाच एचपीच्या मोटरला साडेबारा ते पंधरा केव्हीए धरावे. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर उठतानाचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि दहा केव्हीएत भागते. मात्र स्टार-डेल्टाला मोटरपासून सहा वायरी वर याव्या लागतात. तुमच्या मोटरला तीनच वायरी असतील तर तो बसणार नाही. तिथे सॉफ्ट स्टार्टरची चौकशी करा. मोठा जनरेटर घेण्यापेक्षा चांगला स्टार्टर पुष्कळ स्वस्त पडतो, आणि दुकानदार ही गोष्ट आपण होऊन सांगणार नाही.

पंप, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी आणि घरचे दिवे या सगळ्यांची बेरीज करू नका. कुट्टी पंप बंद झाल्यावर चालवता येते. एका वेळी जे चालणार तेवढेच मोजा, आणि सर्वांत मोठी मोटर आधी उठवा.

मोठा घेऊन ठेवला तर काय बिघडते?

पाच एचपीच्या मोटरसाठी पंचवीस केव्हीएचा जनरेटर घेतला, तर तो पाव ताकदीवर चालतो. डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, धूर निघतो, इंजिन लवकर खराब होते. दहा केव्हीएचा जनरेटर जिथे तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास पितो, तिथे हा अडीच लिटरच्या घरात जातो. वर व्याज वेगळे. अडीच लाखांच्या जनरेटरवर बारा टक्क्यांनी वर्षाला तीस हजार रुपये व्याज होते. वर्षात तो शंभर तास चालला, तर डिझेलचा एक थेंब घालण्याआधी तासाला तीनशे रुपये गेले.

मोठा जनरेटर घेतल्याने काय होते हे सारे राज्य एकदा पाहून बसले आहे. दाभोळला एन्रॉनच्या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला, आणि दुसरा धरून एकूण क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर नेण्याचा घाट होता. करार असा, की वीज घ्या न घ्या, स्थिर आकार भरा. २००१ साली वीज मंडळाने तो करार मोडला आणि प्रकल्प बंद पडला. झेपणार नाही एवढा जनरेटर राज्यानेच घेतला होता. कारभाऱ्यांची चूक राज्याच्या तिजोरीत मुरली. तुमची चूक मुरवायला तुमच्याकडे सातबाऱ्याशिवाय काय आहे?

तिसरा हिशेब: पाणी परवडते का?

एक एकर कापसाला ४० मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार लिटर. तीस मीटर उपशावर पाच एचपीचा पंप त्याला सात तास घेईल. डिझेल बारा लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर हजार-अकराशे रुपये. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, संकरित ज्वारीचा ३,३७१. म्हणजे एका पाण्याला पंधरा किलो कापूस, नाहीतर तेहतीस किलो ज्वारी लागते, आणि तीही हमीभाव हातात पडला तर. बोंडे भरताना दिलेल्या पाण्याने एकरी क्विंटलभर कापूस वाढणार असेल, तर हे पाणी जरूर द्या. पिकाची वेळ टळून गेली असेल, तर डिझेल जाळू नका.

सात-आठ जणांचे बोअर शिवारात जवळजवळ असतील तर ट्रॉलीवरचा एकच जनरेटर मिळून घ्या आणि पाळ्या लावा. गावात ट्रॅक्टर असेल तर त्याच्या पीटीओवर चालणारा अल्टरनेटर मिळतो. दुसरे इंजिन पोसावे लागत नाही. केव्हीएच्या दुप्पट एचपीचा ट्रॅक्टर धरावा. आणि घाटघरची युक्ती विसरू नका. वीज साठवता येत नाही, पाणी साठवता येते. वरच्या बांधाला तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे असेल तर त्यात बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. रात्री लाइट आली की भरून ठेवा आणि दिवसा सरीने सोडा.

एक गोष्ट मात्र सक्तीची समजा. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर जोडू नका. त्याशिवाय तुमची वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. तोही कुणा शेतकऱ्याचाच पोरगा असतो. आणि बंद खोलीत जनरेटर चालवू नका. त्याचा धूर झोपेतच माणूस मारतो.

आता मुख्य प्रश्न

हा सगळा हिशेब आम्ही का करायचा? एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज फुकट झाली आहे. बिल शून्य! आणि डिझेलवरचे एक युनिट आम्हाला तीस रुपयांच्या वर पडते. नडीच्या वेळी जी वीज नाही ती फुकट दिली काय आणि विकत दिली काय, सारखेच. यापूर्वी २००४ सालीही निवडणुकीच्या तोंडावर वीज फुकट झाली होती आणि २००५ साली ती सवलत गेली. फुकट घेणाऱ्याला जाब विचारता येत नाही, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. सौर वाहिनीमुळे काही गावांना दिवसा वीज मिळू लागली, हे आम्ही मान्य करतो. जिथे ती पोचली नाही, तिथे आठ तासांची पाळी अजून रात्रीच्या अंधारात आणि सापाकिरड्यांत येते.

आमची मागणी साधी आहे. वीज मोजून द्या, वाजवी दाम घ्या. पण दिवसा आठ तास, पूर्ण दाबाने, ठरल्या वेळी द्या. दिली नाहीत तर आमचे डिझेल भरून द्या. वीज नियामक आयोगाच्या नियमांत सेवेत कसूर झाल्यास भरपाईची तरतूद आहे. ती कागदावरच राहते, कारण आमच्याकडे पुरावा नसतो.

तेव्हा जनरेटर घ्या वा न घ्या, एक वही आजच घाला. लाइट कधी आली, कधी गेली, डीपी कोणत्या तारखेला जळाला, कधी बदलला, डिझेल किती लागले, हे रोज लिहा. पावत्या त्याच वहीत चिकटवा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही घेऊन या. गावोगावच्या वह्यांची बेरीज करून आपण वीज कंपनीच्या दारात जाऊ आणि या जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने सरकारच्या वतीने किती वीज स्वतःच्या खिशातून तयार केली, त्याचे बिल त्यांच्या हातात देऊ.